जुना कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी

‘विंडोज 10 संपलं. 2018 आधीचा कॉम्प्युटर आता भंगार. टीपीएम चिप नसेल तर मदरबोर्ड बदलावा लागतो, रॅम वाढवून काही होत नाही, लिनक्स तुमच्या-आमच्यासाठी नाही. नवा घ्या.’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यात तथ्य आहे, पण चिमूटभर.

‘संपलं’ म्हणजे काय? 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशीही सुरू झालाच. अपडेटशिवाय त्यावर बँकेचे व्यवहार करत राहू नये, हे मान्य. म्हणून तर मायक्रोसॉफ्टने नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली. फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही.

2018 ची रेघ येते ती विंडोज 11 साठी चालणाऱ्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीतून: इंटेलची आठवी पिढी, एएमडीचे रायझन 2000 आणि त्यापुढचे. ही मान्यतेची यादी आहे, ताकदीची नव्हे. सातव्या पिढीच्या आय5 वर विंडोज 11 बिनतक्रार चालतं. 2021 साली मायक्रोसॉफ्टने स्वतःच रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यातली, एक नोंद सांगितली होती, तिने प्रोसेसरची अट ओलांडता येते. मात्र अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही आणि नवी आवृत्ती बहुधा हातानेच टाकावी लागते. ऑफिसच्या हिशेबाच्या मशीनवर मी हे करणार नाही. घरच्या मशीनवर खुशाल करीन. खरी भिंत वेगळीच आहे. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीला प्रोसेसरमध्ये एसएसई 4.2 आणि पॉपकाउंट या आज्ञा समजण्याची सोय लागते. कोअर 2 ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरमध्ये ती नाही, म्हणून तिथे ही आवृत्ती सुरूच होत नाही. त्या पिढीपुरता फॉरवर्ड खरा.

टीपीएमचा मुद्दा तर सगळ्यात पोकळ. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग; विंडोज 11 त्याची 2.0 आवृत्ती मागतं. 28 जुलै 2016 नंतरच्या नव्या विंडोज 10 मॉडेलांवर टीपीएम 2.0 मायक्रोसॉफ्टनेच सक्तीचं केलं होतं. बहुतेक ठिकाणी ती वेगळी चिप नसतेच. इंटेलमध्ये पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या) सेटिंगमध्ये असते, आणि घरी जोडलेल्या पीसीत बऱ्याचदा बंद असते. ती चालू करायला मदरबोर्ड कशाला बदलायचा? अडतं ते दुसरीकडे: विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल तर डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू होत नाही. विंडोजमधलंच एमबीआर2जीपीटी हे साधन फॉरमॅट न करता ही मांडणी जीपीटी या नव्या प्रकारात बदलून देतं. मग बायोसमध्ये यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत निवडायची. आधी बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर तो थांबवा.

रॅमबद्दलचं विधान अर्धवट आहे. 4 ची 8 जीबी केली तर फरक जाणवतो. 8 ची 16 केली तर साध्या कामात फारसा नाही. कासवगतीचं कारण बहुधा हार्ड डिस्क असते. फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक विखुरलेली वाचनं करते, साधी साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) हजारोंनी. ती एकच वस्तू बदला, मग नव्या मशीनचा विचार करा.

राहिलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या मिंट या प्रकाराला 2 जीबी रॅम पुरते, 4 असली तर आरामात. पेन ड्राइव्हवरून, काही न पुसता चालवून बघता येतं. वायफाय आणि प्रिंटर तिथेच तपासा. फोटोशॉपवाचून काम अडत असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका.