चमचाभर मीठ, गोड टोमॅटो आणि गाळलेली अर्धी गोष्ट

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा निरोप असा: “टोमॅटोच्या कुंडीला आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून द्या, नाहीतर बोअरचं मचूळ पाणीच घाला. फळं गोड होतात. इस्रायलमध्ये असंच करतात. जास्तीचे क्षार पावसात धुऊन जातात.”

गोडीचं म्हणणं खोटं नाही. मुळांभोवती क्षार वाढले की झाडाला पाणी ओढणं जड जातं, फळात पाणी कमी भरतं, साखर आणि आंबटपणा दोन्ही दाट होतात. पण त्याच कारणाने फळ लहान राहतं. निरोपात नेमकं हेच गाळलंय. मातीतली क्षारता डेसीसायमन प्रति मीटरमध्ये मोजतात. टोमॅटो साधारण २.५ पर्यंत निभावून नेतो. पुढे दर एककाला उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी उतरतं. आता चमचा मोजा. त्यात पाचेक ग्रॅम मीठ मावतं आणि लिटरभर पाण्याची क्षारता ९ च्या आसपास जाते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे तुम्ही कुंडीत सातवा हिस्सा समुद्र ओतताय! वर पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं, ते वेगळंच.

इस्रायलचं उदाहरण अर्धवट आहे. नेगेवच्या वाळवंटात जमिनीखालचं मचूळ पाणी टोमॅटोला देतात हे खरं. पण रेताड जमिनीत, ठिबकने, क्षार मोजून. मीठ विकत आणून कोणी ओतत नाही. त्यांच्याकडे गोड्या पाण्याची टंचाई आहे, आपल्या नळाला मोरबे धरणाचं गोडं पाणी येतं.

पावसाचा मुद्दा मात्र इथल्या माणसाला पटकन पटतो, कारण उरण-पनवेलच्या खारजमिनी पावसाने धुतल्यावरच तिथे भात लागतो. पण टोमॅटो आपण लावतो पाऊस सरल्यावर. मग थेट उन्हाळ्यापर्यंत क्षार साचतच जातात. आणि ग्रिलच्या आत, छपराखाली ठेवलेल्या कुंडीला कुठला पाऊस?

फळाचं बूड काळं पडून आत बसलं, तर त्यात कॅल्शियम पोचलेलं नाही. खारं पाणी हे दुखणं वाढवतं. एप्सम सॉल्टनेही ते बरं होत नाही. त्यात मॅग्नेशियम असतं, आणि ते कॅल्शियमच्या वाटेत आडवं येतं.

नळाला बोअरचंच पाणी असेल तर पाणी तपासायचं टीडीएस मीटर लावून बघा. आकडा १,१०० च्या पुढे असेल तर गोडं पाणी मिसळा. कुंडीच्या भोकातून दर वेळी थोडं पाणी वाहून जाऊ द्या, बशीत साचलेलं पुन्हा वर ओतू नका. बोअरच्या पाण्यावर आरओ चालत असेल तर त्याचं बाहेर पडणारं पाणी आणखी खारं असतं. ते फरशी पुसायला वापरा.