हॉलीहॉकला वर्षभर फूल नाही: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. एकच तारा देऊन तुम्ही लिहिलंत की आमच्याकडून नेलेल्या हॉलीहॉकच्या ३ रोपांना वर्षभरात एकही फूल आलं नाही, जमिनीलगत नुसता पानांचा पसारा झाला, पानांवर नारिंगी ठिपके पडले आणि शेवटी कंटाळून तुम्ही रोपं उपटून कंपोस्टमध्ये टाकलीत. उपटताना गाजरासारखं जाडजूड मूळ निघालं, हे वाचून जीव हळहळला. पुढच्या फुलांची शिदोरी त्याच मुळात होती.

हॉलीहॉक बहुतेक करून दोन वर्षांचं झाड. पहिल्या वर्षी पानांचा घेर आणि सोटमूळ, बास. थंडी काढली की दुसऱ्या वर्षी दांडा सरळसोट वर जातो, पार आपल्या डोक्याच्या वर, आणि कळ्या खालून वर उमलत जातात. पहिल्याच वर्षी फुलणारे वाणही असतात, पण तुम्हाला दिलेला त्यातला नव्हता. हे आम्हीच सांगायला हवं होतं. पिशवीवरच्या चिठ्ठीत फुललेल्या झाडाचा फोटो तेवढा होता, 'फूल दुसऱ्या वर्षी' हे कुठेच नव्हतं. चूक आमची. चिठ्ठी बदलली आहे.

ते ठिपके म्हणजे तांबेरा, हा बुरशीचा रोग हॉलीहॉकचा जुना वैरी. पान उलटं केलं की बारीक पुळ्या दिसतात. वाऱ्याने आणि पाण्याच्या शिंतोड्यांनी तो पसरतो, त्यामुळे आमच्याकडून आला की नंतर लागला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. रोपं देताना पानांची खालची बाजू तपासली नव्हती, हे मात्र कबूल. एक विनंती, ती पानं कंपोस्टमधून काढून कचऱ्यात टाका.

'मेलेली रोपं विकतात' असंही तुम्ही लिहिलंत, ते मात्र पटलं नाही. मेलेलं रोप एवढं मूळ धरत नाही हो!

पैसे परत हवे असतील तर पावती दाखवा, लगेच देतो. रोपं हवी असतील तर मुद्दाम लहान देऊ, कारण सोटमूळ खोल गेल्यावर जागा बदललेली या झाडाला सोसत नाही. दोन रोपांत दीड-दोन फूट ठेवा आणि पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको. एवढं थांबायचं नसेल तर पहिल्या वर्षी फुलणारा वाण मागा, आणि बी लवकर पेरा.