अनामिक यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (मोठं झालंय, माफ करा)

अनामिक, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगते, झोप लागली नाही. मी एवढंच लिहिलं होतं की अमेरिकेतल्या पब्लिक ॲक्सेस चॅनेल्सनी (गावातले लोक स्वतः कार्यक्रम करून दाखवतात ती स्थानिक केबल चॅनेल्स) कायद्याने सूट असली तरी कॅप्शन्स, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी, द्यावीत. त्यावर तुम्ही लिहिता, "ज्यांनी कधी स्टुडिओत पाऊल ठेवलं नाही त्यांनी फुकटचे सल्ले देऊ नयेत, छोट्या चॅनेलला हे परवडत नाही, आणि तुम्हाला नियमही माहीत नाहीत."

नियमाचं आधी. वर्षाला 30 लाख डॉलरच्या आत 'नफा' असलेल्या चॅनेलला कॅप्शन्सची सूट असं मी लिहिलं होतं, तिथे 'उत्पन्न' हवं होतं. चूक माझी, दुरुस्त केलीये. पण एका शब्दावरून थेट "नियम माहीत नाहीत"? एफसीसीच्या (अमेरिकेत टीव्हीचे नियम करणारी सरकारी संस्था) बाकीच्या सवलती, म्हणजे रात्री 2 ते पहाटे 6 ची वेळ, इंग्रजी-स्पॅनिश सोडून इतर भाषा, पुन्हा दाखवण्यासारखे नसलेले बातम्यांव्यतिरिक्तचे स्थानिक कार्यक्रम, हे सगळं त्याच लेखात आहे, पूर्ण वाचलात का? उत्पन्न कमी म्हणून सूट मिळाली तरी बाहेरून आलेल्या कार्यक्रमाला कॅप्शन्स असतील तर ती जशीच्या तशी पुढे पाठवावीच लागतात, आणि चॅनेल गावचं प्रशासन चालवत असेल तर एडीए हा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहेच, तो काही एफसीसीची सूट बघून थांबत नाही.

आता स्टुडिओ. सहा वर्षं मी आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या गावच्या टीव्ही स्टेशनवर व्हॉलंटियर होते. कॅमेरा धरलाय, रात्री साडेअकराला केबली गुंडाळल्यात, टाऊन मीटिंगा रेकॉर्ड केल्यात, आणि शिवाय अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम करायचे. बाबा साताऱ्याहून सहा महिने यायचे, कारखान्यात कान गेलेले. टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसायचे, माझ्या ओठांकडे बघायचे, आणि मी कागद वाचायला मान खाली घातली की आईला विचारायचे, "काय म्हणाली?" इंग्रजी बातम्या ते कॅप्शन्स वाचून आरामात बघायचे हो, आणि स्वतःच्या मुलीचा, स्वतःच्या भाषेतला कार्यक्रम मात्र त्यांना कळत नव्हता, कारण मराठीला सूट! स्टेशनवर विचारलं तर उत्तर मिळालं, गरज नाही. मग मी स्वतः टाईप करायला बसले, 28 मिनिटांच्या एका भागाला दोन रात्री गेल्या, ओळ न् ओळ आवाजाशी जुळवत. त्यानंतर बाबांनी तो भाग तीनदा बघितला. त्यामुळे पाऊल वगैरे मला शिकवू नका.

परवडत नाही म्हणता, तर लाइव्ह मीटिंगला एनकोडर (कॅप्शन्स प्रक्षेपणात घालणारं यंत्र) आणि तिथल्या तिथे टाईप करणारा माणूस लागतो, खर्च आहे, पण रेकॉर्डेड कार्यक्रमाला तेही लागत नाही. यावर आणखी वाद घालत नाही.

यापुढे लिहायचं असेल तर नावानिशी लिहा, अनामिक प्रतिक्रिया मी आता बंद करतेय.