ठिय्यामुळे ‘ड्रीम ॲक्ट’ बुडाला?

इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की, अमेरिकेतल्या कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांनी सभ्यपणे पाठपुरावा करायचं सोडून ठिय्ये दिले, अटका ओढवून घेतल्या, लोकांची सहानुभूती घालवली आणि ‘ड्रीम ॲक्ट’, म्हणजे लहानपणी अमेरिकेत आलेल्या अशा मुलांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणारं विधेयक, बुडाला. शिवाय तुम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत नियमाने उभे, मग यांचेच लाड का?

पहिला मुद्दा मला अजिबात पटत नाही. विधेयक पहिल्यांदा आलं 2001 मध्ये. नऊ वर्षं निवेदनं, सह्या, खासदारांच्या गाठीभेटी, सगळं करून झालं. त्यानंतर 17 मे 2010 रोजी पदवीदानाचे झगे आणि टोप्या घालून ही मुलं ॲरिझोनातल्या टूसॉनला रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांच्या कार्यालयात जाऊन बसली. कागदपत्रं नसलेल्या तिघांना अटक झाली आणि हद्दपारीची कारवाई मागे लागली. मॅकेन एके काळी याच विधेयकाच्या बाजूचे. पक्षातूनच उजवीकडून आव्हान मिळालं, तसे ते फिरले. मुलांच्या ठिय्यामुळे नव्हे. डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये 60 मतं हवी होती, पडली 55. विरोधात गेलेल्यांत पाच तर डेमोक्रॅट होते!

जून 2012 मध्ये डेन्व्हरला ओबामांच्या प्रचार कार्यालयातच ठिय्या झाला. त्याच महिन्यात, 15 तारखेला, ‘डाका’ (DACA) जाहीर झालं, म्हणजे अशा मुलांची हद्दपारी तात्पुरती थांबवणारी सरकारी योजना. केवळ ठिय्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, निवडणुकीचं वर्ष होतं. पण मित्रपक्षालाही अडचणीत आणायची तयारी या मुलांनी दाखवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

मेक्सिकोच्या सीमेवर नोगालेसला आश्रयाच्या अर्जाचा गैरवापर झाला, ही तुमची शंका मात्र रास्त आहे. 2013 मध्ये चळवळीतल्या नऊ जणांनी मेक्सिकोच्या बाजूने सीमेवर येऊन प्रवेश आणि आश्रय मागितला, त्यातले काही मुद्दाम अमेरिका सोडून गेले होते. आश्रयाच्या अर्जाचा असा वापर झाला की खऱ्या संकटातून आलेल्यांकडेही संशयाने पाहिलं जातं. चळवळीला जवळच्या वकिलांनीही तेव्हा टीका केली होती.

आता रांग. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या लोकांची मुलं ग्रीन कार्डाविना 21 वर्षांची झाली की आईवडिलांच्या व्हिसावरून बाहेर पडतात. ‘डाका’ त्यांना मिळत नाही, कारण 15 जून 2012 रोजी कायदेशीर व्हिसा नसणं ही त्याची अटच आहे. ही मुलं खासदारांना भेटतात, समित्यांपुढे बोलतात. त्यांच्यासाठीचं विधेयक 2021 मध्ये मांडलं गेलं, पण तेही पुढे सरकलं नाही. तेव्हा तुमच्या मुलांची अडवणूक टूसॉनच्या मुलांनी केलेली नाही. दोघांनाही अडवणारी संसद एकच आहे.