पिशव्यांपाशी कोण बसणार?

स्पेनमधल्या मालागाला जायचं नक्की झालं त्याच रात्री बायकोनं ‘तिथे करायच्या गोष्टी’ अशी यादी केली. १८८१ साली पिकासो जन्मला ते घर, अकराव्या शतकातला अल्कासाबा किल्ला, त्याच्या पायथ्याचं रोमन नाट्यगृह, नेरहाच्या गुहा, बोटीतून फेरी. प्रत्येक ओळीपुढे नावं होती: आई, बाबा, चिरंजीव, ती स्वतः. माझं नाव शोधत मी पार तळाशी आलो. तिथे लिहिलं होतं, ‘समुद्रात डुंबणे – सगळे. पिशव्या – हा.’

तक्रारीला जागा नव्हती. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, आणि समुद्रकाठच्या माणसाला समुद्राचं काय मेलं अप्रूप, असा आमच्या सासरी पक्का समज आहे. सासर नाशिकचं. लग्नानंतर गणपतीपुळे झालं, अलिबाग झालं, गोवा झालं. सगळे पाण्यात आणि मी चपलांच्या ढिगाशेजारी. पुढे आम्ही मँचेस्टरला आलो, सासू-सासरे उन्हाळ्यात तिथे राहायला येऊ लागले, पण माझं पद काही बदललं नाही. फक्त आता ड्यूटी युरोपात लागते.

उन्हाळा आला की निम्मं इंग्लंड मालागाच्या आजूबाजूच्या किनाऱ्यावर, म्हणजे कोस्टा डेल सोलवर, उताणं पडायला जातं. तोरेमोलिनोस वगैरे गावं साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोळ्यांची होती, आता तिथे हॉटेलांच्या भिंती उभ्या आहेत आणि सकाळी इंग्रजी पद्धतीची न्याहारी मिळते. सासरेबुवा म्हणाले, “इंग्रजच बघायचे तर मँचेस्टर काय वाईट होतं?” म्हणून आम्ही मालागा शहरातच, मालागेताच्या किनाऱ्यापासून चालत जाता येईल असा एक फ्लॅट घेतला.

आता पिशव्या. एका पिशवीत टॉवेल आणि सुके कपडे. दुसरीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि चहाचा थर्मास. तिसरीत सासूबाईंच्या गोळ्या, सासरेबुवांच्या गोळ्या आणि कुठल्या कुणाच्या हे सांगणारा कागद. चौथी छोटी, पण तिच्यात सगळ्यांचे पासपोर्ट. मँचेस्टरमधल्या एका हितचिंतकानं ‘स्पेनमध्ये पाकिटं मारतात’ एवढं एकच वाक्य सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ती पिशवी मी गळ्यात घालून, वर पोटाशी धरून बसायचो. आजूबाजूला लोक जवळजवळ काहीच न घालता पहुडलेले, आणि त्यांच्यामध्ये पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पोटाशी पोतडी कवटाळलेला मी. कुणाला संशय यायचाच असेल तर तो माझाच आला असता.

इथली वाळू करडी, भरड, आणि दुपारी तव्यासारखी तापते. त्यामुळे पिशव्यांपासून पाण्यापर्यंत कुणी चालत जात नाही, उड्या मारत जातं. आणि पाणी? भूमध्य समुद्र म्हटल्यावर कोमट असेल अशी आमच्या मंडळींची खात्री होती. पण मालागासमोरचा समुद्र जिब्राल्टरच्या अगदी जवळ. तिथल्या चिंचोळ्या वाटेनं अटलांटिकचं गार पाणी सारखं आत येत असतं. तळपाय भाजल्यामुळे धावत सुटलेली बायको घोट्याएवढ्या पाण्यात शिरली आणि तिनं जी किंकाळी फोडली, ती मला पिशव्यांपाशी ऐकू आली. कर्तव्यावर असल्यामुळे मी हसलो नाही. म्हणजे दिसेल असा हसलो नाही.

राखणदाराला एक सुख असतं: त्याला सगळा किनारा दिसतो. रविवारी आमच्या शेजारी एक स्थानिक कुटुंब आलं. आलं म्हणजे त्यांनी बिऱ्हाड हलवलं. दोन छत्र्या, घडीचं टेबल, सात-आठ खुर्च्या, बर्फाची पेटी, अख्खं कलिंगड, चंदेरी कागदात गुंडाळलेलं बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, पत्त्यांचा जोड आणि एक आजी. दशम्या आणल्याबद्दल मला मनात जी थोडी लाज वाटत होती ती तिथल्या तिथे गेली. आजींची खुर्ची बरोबर पाण्याच्या कडेला मांडली गेली, लाट आली की पाय भिजतील अशी. मी वेंगुर्ल्याचा. मला वाटलं, दोन तासांत भरती आली की या आजी खुर्चीसकट पोरबंदरला. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. दुपार गेली, संध्याकाळ झाली, खुर्ची एक वीत हलली नाही आणि पाणी आजींच्या पोटरीच्या वर चढलं नाही. या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. तुमच्या सोयीसाठी समुद्र एका जागी थांबतो, हे कोकणातल्या माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो.

मग त्या कुटुंबातल्या सूनबाईंनी माझ्याकडे बघून स्वतःच्या सामानाकडे बोट दाखवलं, मग डोळ्यांकडे, मग समुद्राकडे. भाषा लागलीच नाही. मी मान डोलावली आणि ते सगळे पाण्यात गेले. हे पलीकडच्या डॅनिश का डच जोडप्यानं पाहिलं. त्यांनीही बोट दाखवलं. तासाभरात माझ्या ताब्यात तीन देशांच्या पिशव्या होत्या.

सासरेबुवांचं म्हणाल तर किनाऱ्यावरचे पोशाख, किंबहुना त्यांचा अभाव, एकदा नजरेखालून गेल्यावर त्यांनी मान वळवली आणि विचारलं, “या गावाला नदी आहे का हो?”

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नदी निघाली. ग्वादालमेदिना नावाची, शहराच्या ऐन मध्यातून जाणारी, दोन्ही बाजूंनी भक्कम काँक्रीटच्या भिंती असलेली, आणि आत पाणी नसलेली. पात्रात मुलं फुटबॉल खेळत होती, कुत्री फिरत होती. वर धरण आहे, त्यामुळे खाली नदी कोरडी. सासरेबुवांच्या चेहऱ्यावर परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच घरचं माणूस भेटल्याचा आनंद दिसला. त्यानंतर ते रोज सकाळी नदीवर जायचे. पिकासोचं घर राहिलं. कोरडी नदी मात्र त्यांनी इंच इंच पाहिली.

तिथेच त्यांना एक लोखंडी पूल सापडला, फक्त पायी जाण्याचा. त्याची हकिगत खरोखर ऐकण्यासारखी आहे. १९०० सालच्या डिसेंबरात ग्नायझेनाऊ नावाचं जर्मन आरमाराचं शिकाऊ जहाज वादळात मालागाच्या धक्क्यावर आदळून बुडालं. गावातले लोक होड्या घेऊन, दोर टाकून त्या खलाशांना वाचवायला धावले, त्यात काही गावकरीही गेले. पुढे १९०७ साली याच कोरड्या नदीला महापूर आला आणि पूल वाहून गेले. तेव्हा जर्मनीनं आठवण ठेवून १९०९ साली हा पूल भेट दिला. सासरेबुवा पुलाच्या कठड्यावर बोटांनी टकटक करत म्हणाले, “बघा जावईबापू, शंभर वर्षं उलटून गेली, ताठ उभा आहे. भेट दिलेला ना! टेंडर निघालं असतं तर आत्तापर्यंत तीनदा पडला असता.” खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा. त्या रोज तिन्हीसांजेला दिवा लावतात आणि दिवा लागल्याशिवाय घरात जेवण होत नाही. मँचेस्टरला सूर्य सहसा दिसतच नसल्यानं त्यांनी घड्याळात सात वाजले की सांज झाली, असा तोडगा काढला होता. मालागात सूर्य दिसायचा. सात वाजता दिसायचा, आठला दिसायचा, नऊला तर समोरच्या गच्चीवर बायका खुशाल ऊन खात बसलेल्या दिसायच्या. जूनअखेरीला इथे सूर्य मावळतो तो साडेनऊ उलटून गेल्यावर. मी नकाशा काढून समजावलं: मालागा मँचेस्टरच्याही पश्चिमेला आहे, तरी इथलं घड्याळ एक तास पुढे. १९४० साली इथला हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारनं घड्याळं जर्मनीच्या वेळेशी जुळवून घेतली आणि नंतर ती मागे घ्यायचं राहूनच गेलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्याच्या घड्याळाचं त्याच्यापाशी. समोर ऊन असताना मी दिवा लावणार नाही.”

तरी बायकोच्या यादीत जेवण साडेसातला होतं, म्हणून एक दिवस आम्ही सासूबाईंचं मन वळवून सातलाच निघालो. हॉटेलातल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या टांगलेल्या. दुपारी चारच्या सुमाराला स्वयंपाकघर बंद होतं ते रात्री साडेआठपर्यंत उघडतच नाही, आणि उघडल्यावरही पहिला तासभर आत फक्त इंग्रज असतात. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सासूबाईंच्या मताप्रमाणे सूर्य मावळू दिला, दिवा लावला आणि दहाला जेवायला बाहेर पडलो. सगळं गाव तेव्हाच बाहेर पडत होतं. चिल्लीपिल्ली, म्हातारेकोतारे, बाळं गाडीत. आमच्यापैकी स्पॅनिश वेळापत्रक कुणी पहिल्यांदा आत्मसात केलं असेल, तर निरांजन लावणाऱ्या सासूबाईंनी.

जेवणाचा एकूण अनुभव संमिश्र. ‘मांस नको’ म्हटलं की वेटर समजूतदारपणे मान डोलावतो आणि ट्यूना घातलेलं सॅलड आणतो. ‘मासेही नको’ म्हटलं तर टोमॅटोचं दाट सार आणतो, वर सुकवलेल्या हॅमचा चुरा भुरभुरून. हॅम त्यांच्या मते मांस नसून कोथिंबीर असावी. गास्पाचो हे टोमॅटोचं पातळ सार निर्धोक, पण ते थंडगार. सासूबाईंनी माझ्यामार्फत विचारलं, जरा गरम करून मिळेल का? मी ते भाषांतर केलं नाही. दोन देशांचे संबंध मला जपायचे होते.

आणि मग एका रात्री वांग्याचे काप आले. पातळ, कुरकुरीत तळलेले, आणि त्यांवर काळसर गोड धार सोडलेली. सासूबाईंनी बोट लावून चाटलं. “अगो, ही तर काकवी!” काकवीच होती. अरबांनी या किनाऱ्यावर ऊस आणला, त्याला हजारेक वर्षं झाली. जवळच्या डोंगरातल्या फ्रिहिल्याना गावात उसाच्या रसाची ही काकवी अजून कारखान्यात निघते. त्यानंतर रोज वांगी. वेटर आम्हाला लांबून बघूनच आत ओरडायचा. त्याच रात्री पांढरा सदरा आणि कमरेला लाल शेला बांधलेला एक फुलवाला आला. त्याच्याजवळ जाईच्या कळ्या एका वाळक्या झाडाच्या काड्यांवर एकेक करून खोवलेले गोल गेंद होते. मालागाची ही खास वस्तू, बिस्नागा. कळ्या मिटलेल्याच खोवतात, रात्री त्या उमलतात. सासूबाईंनी एक घेतला, क्षणभर विचार केला आणि सरळ अंबाड्यात रोवला. फुलवाल्यानं हात जोडले. ते त्याला कुणी शिकवलं, देव जाणे.

माझ्या जेवणाबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून सांगतो. किनाऱ्यावरच्या खाणावळींसमोर एक जुनी होडी वाळूनं भरून ठेवलेली असते. त्या वाळूवर ऑलिव्हच्या लाकडांचा जाळ. बांबूच्या कामट्यांना पाच-सहा तारल्या ओवायच्या, कामटी वाळूत तिरकी खोचायची, वरून जाडं मीठ. बस. तो एस्पेतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सासरेबुवा “अहो, होडी पेटलीय!” म्हणून ओरडले होते. आमच्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद, सुक्या बांगड्यावर दिवस काढायचे. इथे म्हणतात, तारली खावी ती मे ते ऑगस्टमध्येच, तेव्हा तिच्या अंगात चरबी असते. म्हणजे वेंगुर्ल्यात ज्या महिन्यांत मी आयुष्यभर मन मारून बसलो, नेमके तेच. त्या होडीचा धूर वारा थेट माझ्या पिशव्यांपर्यंत आणायचा. सासरची मंडळी पाण्यात असली की मी तीन देशांच्या पिशव्या ओढत ओढत खाणावळीच्या कुंपणापर्यंत न्यायचो आणि एका डोळ्यानं पासपोर्ट, दुसऱ्यानं काटे सांभाळत उभ्याउभ्या खायचो. हात पुसायला डॅनिश टॉवेल असायचा.

तेवीस जूनची रात्र सान हुआनच्या सणाची. कागद-कापडाचे बाहुले जाळतात, आणि बाराच्या ठोक्याला सगळं गाव समुद्रात शिरतं. पाय भिजवायचे, तोंड धुवायचं, म्हणजे वर्ष चांगलं जातं. मालागेतावर मुंगीला वाट नव्हती. आमच्या शेजारी तीच आजी, तीच खुर्ची. बाराला पाच मिनिटं असताना बायकोनं, मुलानं, अंबाड्यात जाई घातलेल्या सासूबाईंनीसुद्धा, चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. तेवढ्यात सासरेबुवा म्हणाले, “जावईबापू, तुम्ही जा आज. मी बसतो.”

मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि निघालो. पाणी बर्फ होतं. सासूबाई नऊवारी पोटरीपर्यंत खोचून माझ्या पुढे चार हात पोचल्या होत्या आणि कुठल्याशा स्पॅनिश बाईशी मराठीत बोलत होत्या. मी सवयीनं मागे वळून पाहिलं. पिशव्यांपाशी कुणी नव्हतं. सासरेबुवा पन्नास पावलांवर जळत्या बाहुल्याच्या सांगाड्याखाली वाकून तो कशावर तोलला आहे ते तपासत होते.

“बाबा! पिशव्या!” मी पाण्यातून ओरडलो. ढोलांत कोण ऐकतंय!

ऐकलं ते आजींनी. त्यांनी खुर्चीतूनच वाकून पासपोर्टच्या पिशवीचा बंद ओढला, पायाच्या अंगठ्यात दोन वेढे देऊन अडकवला आणि माझ्याकडे हात झटकला: जा की रे पुढे. मी आणखी एक पाऊल टाकलं आणि बायकोसारखीच किंकाळी फोडली.