घोडा, लुना आणि सात सेकंद

२०२५ च्या एप्रिलमध्ये ओसाकाच्या एक्स्पोत कावासाकीने कॉर्लिओ नावाचा चार पायांचा यांत्रिक घोडा मांडला. तेव्हापासून तो घोडा आमच्या घरच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने दौडत येतो. डोंगर उतरतो, खडकांवरून उड्या मारतो, पाठीवर हेल्मेटवाला स्वार. खाली आमच्या आतेभावाची, बंड्याची, ठरलेली ओळ: "जग कुठे चाललंय बघा, आणि आपण परत लुना काढतोय!" मग अंगठे. मग मावशीचे जोडलेले हात. मग कुणीतरी थेट १९४७ पासून हिशेब मांडायला घेतं. आणि शेवटी हमखास, "दादा, तू तर तिथेच आहेस. तूच सांग यांना."

मी जपानमध्ये हामामात्सुला राहतो, चौदा वर्षं झाली. घोडा मी अजून रस्त्यावर पाहिलेला नाही. सकाळी साडेसातला आमच्या गल्लीतून मामाचारी, म्हणजे आयांच्या बास्केटवाल्या सायकली, जातात. पुढे एक मूल, मागे एक मूल, बास्केटमधून नेगीची, म्हणजे कांद्याच्या पातीची, जुडी डोकावत असते, आणि पाऊस असला तरी बाईंचा वेग तोच. त्यांच्या मागून टपालवाल्याची लाल कब, होंडाची छोटी मोटरसायकल. माझ्या ऑफिसात मागच्या आठवड्यात एक कागद परत आला, कारण हान्को, म्हणजे सहीऐवजीचा शिक्का, किंचित तिरका उमटला होता. हे मी ग्रुपवर एकदा लिहिलं होतं. कुणी अंगठा दिला नाही.

आता त्या व्हिडिओबद्दल. डोंगर उतरणारा घोडा संगणकाने काढलेला आहे. कंपनीने स्वतःच तो २०५० सालची कल्पना म्हणून मांडलाय: १५० सीसीचं हायड्रोजन इंजिन वीज तयार करणार, त्या विजेवर चार पाय हलणार, स्वाराने नुसतं वजन सरकवून वळायचं. कंपनी काही खोटं बोललेली नाही. खोटं बोलतो तो आमचा ग्रुप, "जपानमध्ये सुरू झालं" असं लिहून. कन्सेप्ट मोटरसायकल म्हणजे लग्नाच्या बायोडेटातला फोटो. नाक-डोळे खरेच असतात, पण त्यावरून सकाळी उठून चहा कोण करणार ते कळत नाही. मी एका पुरवठादार कंपनीत थरथर मोजतो. एक लोखंडी ब्रॅकेट यंत्रावर बांधायचा, तासन् तास हलवायचा आणि तडा कुठे जातो ते बघायचं. माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत घोड्याचा एकही ब्रॅकेट टेबलावर आलेला नाही.

चिडायचं खरं कारण वेगळं आहे. ५ जुलै २०२४ ला पुण्यात बजाजने फ्रीडम १२५ आणली. कारखान्यातून सीएनजीवर बाहेर पडलेली जगातली पहिली मोटरसायकल. सीटखाली दोन किलोचं सीएनजी सिलिंडर आडवं बसवलेलं, जोडीला दोन लिटर पेट्रोल. बंड्याने तिला "गॅसची शेगडी" म्हटलं आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी आमच्या मोरी-सानना ती दाखवली. ते निवृत्तीला आलेले, आयुष्य मोटरसायकलींच्या सांगाड्यात गेलेलं. ते हसले नाहीत. त्यांनी ओनिगिरी, म्हणजे डब्यातला भाताचा गोळा, बाजूला ठेवली, कागद घेतला आणि वीस मिनिटं विचारत बसले: सिलिंडर कुठे टेकलंय, मागून धडक बसली तर भार कुठून जाईल, सीट इतकी लांब का. सीट लांब असल्याशिवाय सिलिंडर आडवं मावणार नाही, हे त्यांना माझ्या आधी कळलं. आणि आमचा बंड्या बजाजच्या आकुर्डीपासून वीस मिनिटांवर राहतो.

त्याच वर्षी जानेवारीत हीरोने जयपूरला सर्ज एस३२ दाखवली. ती यांच्यापैकी कुणाला माहीत नाही, मी पैज लावतो. मालवाहू तीनचाकी आहे. तीन मिनिटांत तिच्या तोंडातून एक आख्खी स्कूटर सुटी होते. दिवसभर भाजीचे क्रेट वाहा, संध्याकाळी मागचं धूड घरी ठेवा आणि स्कूटरवर बायकोला घेऊन सारसबागेत जा. ज्याला एका कर्जात दोन गाड्या हव्यात त्याचा खिसा चाचपून कुणीतरी ती काढलेली आहे. हवं तर तिलाही जुगाड म्हणा. पण मग या गावात जरा सांभाळून बोलावं लागेल.

कारण याच हामामात्सुत १९४६ साली सोइचिरो होंडांनी सैन्याच्या वायरलेस संचाचं छोटं जनित्र-इंजिन सायकलला जोडलं. पेट्रोलच्या टाकीसाठी पत्रा नव्हता, म्हणून त्यांनी काय लावलं? अंथरुणात पायाशी घ्यायची गरम पाण्याची युतान्पो. घरातली शेकायची बाटली! आणि ती गाडी चालवून बघायला बायकोला पाठवलं. पुढे १९५८ ची सुपर कब आली, तिला हाताचा क्लच नाही, कारण सोबा, म्हणजे नूडल्स, घरपोच करणाऱ्या पोऱ्याचा एक हात ट्रे धरण्यात अडकलेला असतो. २०१७ पर्यंत अशा दहा कोटी गाड्या बनल्या. पोऱ्याचा मोकळा हात कुठला, एवढं बघून यंत्र बदललं, हे मला त्या चार पायांपेक्षा मोठं वाटतं. आमच्या लहानपणी कॅन लटकवून येणाऱ्या दूधवाल्याचा विचार करून पुण्यात कुणी एवढं डोकं चालवलं नाही, हेही आहेच. पण हे वाक्य मी ग्रुपवर लिहीत नाही.

असं बरंच काही मी तिथे लिहीत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे ई-स्कूटरी पेटल्याचे व्हिडिओ आले तेव्हा मी गप्प होतो. हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की मी ग्रुपमधून उठतोच. माझा आवडता आकडा मात्र मी प्रत्येक वेळी टाकतो: जपानमध्ये १९८२ साली ३२ लाखांवर दुचाकी विकल्या गेल्या होत्या, आता वर्षाला चारेक लाख जातात, भारतात २०२४-२५ मध्ये १ कोटी ९६ लाख. इथे गाडी घेणारे माझ्या वयाचे किंवा माझ्याहून मोठे, रविवारी हमाना सरोवराला चक्कर मारून कॉफी पिऊन परतणारे. ज्या देशात दुचाकीवाचून कुणाचं अडत नाही, त्या देशात तिचा घोडा करायला सवड मिळते. हे लिहिलं की बंड्या म्हणतो, "म्हणजे तू जपानची बाजू घेतोस की आपली?"

बंड्याचा दुसरा लाडका मुद्दा लिंबू-मिरची. गाडीला लिंबू बांधणारा देश काय शोध लावणार, वगैरे. इथे जपानात, चिबा जिल्ह्यातल्या इसुमी गावात कोफुकुजी नावाचं देऊळ आहे. सोनीचा यंत्रकुत्रा ऐबो १९९९ साली आला, २००६ ला बंद झाला, २०१४ पासून कंपनीने दुरुस्तीही थांबवली. मग त्या देवळात ऐबोंचे अंत्यविधी सुरू झाले. ओळीने मांडलेले कुत्रे, समोर भटजी, सूत्रपठण, उदबत्ती. मग त्यांचे सुटे भाग इतर कुत्र्यांना लावायचे. मी हे सांगितलं तर ग्रुपवर उत्तर आलं, "किती संवेदनशील लोक आहेत ना!" दसऱ्याला चेतकला झेंडूची माळ घालणारे आमचे बाबा मागासलेले, आणि हे संवेदनशील.

हो, चेतक. येणार होतीच ती.

बाबांनी नंबर लावला तेव्हा मी जन्मलो नव्हतो. गाडी आली तेव्हा मी बालवाडीत होतो. सकाळी ती थेट चालू होत नसे. आधी कलती करायची, तीही किती ते बाबांनाच माहीत, मग चोक, मग दोन फुसक्या किका आणि तिसरी खरी. काका मारायचा तर दहा किका, शेजारचे मारायचे तर पंधरा. बाबा आले की तिसऱ्याला चालू. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मी मुलीला घेऊन टोकियोच्या मोबिलिटी शोला गेलो. यामाहाच्या मंचावर मोटोरॉइड २ होती. तिला हँडल नाही. ती मालकाला बघून ओळखते, स्टँडवरून आपली आपण उठून उभी राहते आणि खुणावलं की मागे मागे येते. गर्दीने एका सुरात "ओऽऽ" केलं. मुलगी जपानीत म्हणाली, "बाबा, तिला कसं कळतं कोण आपलं?" माझ्या मनात चेतकचं उत्तर आलं. पण तिने चेतक चालू झालेली कधी ऐकलेलीच नाही. मी म्हटलं, कॅमेरा असतो.

आता कबूलच करायचं तर तो व्हिडिओ ग्रुपवर पहिल्यांदा मीच टाकला होता. कॉर्लिओ नव्हे, ही मोटोरॉइड. शोमधून, उभ्या उभ्या, "इथे काय चाललंय बघा" असं लिहून. बंड्याने तेव्हाही लुनाच काढली होती आणि मी हसणारा चेहरा टाकला होता. दर सुट्टीत बॅगेत काहीतरी घेऊन जाणाराही मीच. नखं उडू न देणारं नेलकटर, दुमडून तळहाताएवढी होणारी छत्री, आणि एका वर्षी आईसाठी राइस कुकर. चांगला, महागातला, झाकणावर बटणांची आख्खी रांग आणि सगळं जपानीत. मी एकेक बटण समजावलं. बाबा म्हणाले, "भातालाच एवढं?" मी प्लग लावला. इथली वीज १०० व्होल्ट, तिथली २३०, हे मी रोज मोजमापं घेणारा माणूस विसरलो. धूर आला, बारीक पोपटासारखा आवाज आला आणि संपलं. आईने त्या दिवशी कुकरला तीन शिट्ट्या देऊन भात केला, काही बोलली नाही. आतलं भांडं उत्तम होतं, ते तिने ठेवून घेतलं. त्यात अजून वाल भिजत घालते.

इथे मात्र मी दुसराच असतो. वर्षअखेरच्या पार्टीत एक तरुण सहकारी फोन पुढे करतो: एका मोटरसायकलवर पाच जण, एक शेळी. "इंडिया, सुगोई ने!" म्हणजे, काय भारी ना! मग मी घसा साफ करून दोन कोटींचा आकडा सांगतो, चाकणचे कारखाने सांगतो, यांच्याच गावातल्या सुझुकीचा नफा कुठून येतो तेही विचारतो. टेबल शांत होतं. कुणीतरी माझ्या ग्लासात बिअर ओततं. तिथे जपानचं कौतुक झालं की मला राग येतो, इथे भारताला हसले की राग येतो, आणि दोन्हीकडे मी कंटाळवाणा माणूस म्हणून ओळखला जातो. बायको म्हणते, तुला दोन्हीकडचं वकीलपत्र कुणी दिलंय?

या वसंतात मी ठरवलं की पुरे, आपण स्वतः गाडी घ्यायची. जुनीच, ४०० सीसीच्या आतली. चारचाकीचं लायसन्स होतं, मोटरसायकलचं वेगळं लागतं. ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे वाचवायला मी थेट परीक्षेला बसलो. सोळाव्या वर्षापासून लक्ष्मी रोडवर चालवलेली, गणपतीच्या आदल्या दिवशीसुद्धा. मला काय शिकवणार?

इप्पोनबाशी नावाचा एक भाग असतो. पंधरा मीटर लांब, तीस सेंटीमीटर रुंद पट्टी, जमिनीपासून पाच सेंटीमीटर वर. तिच्यावरून सावकाश जायचं. जोरात कुणीही जाईल. सात सेकंद तरी लागली पाहिजेत, आणि चाक खाली उतरलं की परीक्षा तिथेच संपली. पहिल्यांदा मी चार सेकंदांत पार झालो आणि पुढे वळणावर उरलेले गुण गेले. दुसऱ्यांदा हळू गेलो आणि मध्येच पाय खाली आला. तिसऱ्यांदा पुन्हा पाय. परीक्षक पांढरे हातमोजे घातलेले, अत्यंत नम्र. म्हणाले, "तोल गेलेला नसतो. तोल जाईल असं वाटलं की तुम्ही आधीच पाय टेकता." मी सांगणार होतो की पुण्यात सिग्नलला, खड्ड्याशी, म्हशीपुढे, सगळीकडे पाय टेकूनच गाडी चालते. जपानीत वाक्य जुळवेपर्यंत ते पुढच्या उमेदवाराकडे वळले होते.

होंडाने २०१७ मध्ये एक मोटरसायकल दाखवली होती, रायडिंग असिस्ट. पुढचं चाक किंचित इकडे-तिकडे करत ती मुंगीच्या वेगातही स्वतःचा तोल सांभाळते, पाय टेकावा लागत नाही. मी तिला तेव्हा नाकं मुरडली होती. परवा रात्री तिचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. ग्रुपवर टाकला नाही.

चौथी परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे. तोवर रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या मागच्या पार्किंगमध्ये सराव चालतो, बायकोच्या मामाचारीवर, दोन गाड्यांमधल्या पांढऱ्या रेघेवरून. मुलगी कडेला उकिडवी बसून मोजते. इचि, नि, सान. मी मनातल्या मनात एक, दोन, तीन. तिचे सात होतात तेव्हा माझे पाचच झालेले असतात.