आकर्षण वाटणे आणि मर्यादा ओलांडणे एक नव्हे

‘ज्या थेरपिस्टला क्लायंटविषयी लैंगिक आकर्षण वाटते, तो या पेशाला लायकच नाही, प्रशिक्षणात हा विषय काढणे म्हणजे नको ते डोक्यात भरवणे, कडक नियम असले की पुरे,’ असे विधान हल्ली बरेच जण एकमेकांना पाठवतात. त्यामागची चीड मला समजते, कारण विश्वासाने मन उघडे करणाऱ्याचे तिथेच शोषण झाले, तर ती जखम लवकर भरत नाही. तरीही हे तिन्ही मुद्दे टिकणारे नाहीत.

लायकीचा मुद्दा आकड्यांपुढेच कोसळतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ पोप आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1986 साली अमेरिकेतील 575 थेरपिस्टांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा 87 टक्क्यांनी असे आकर्षण कधी ना कधी वाटल्याचे सांगितले. मात्र 82 टक्क्यांनी प्रत्यक्ष संबंधाचा गांभीर्याने विचारही केला नव्हता.

विषय शिकवल्याने आकर्षण निर्माण होते, हे म्हणणेही त्याच पाहणीत खोटे ठरते. जवळपास निम्म्या जणांना याविषयी काहीही शिकवलेले नव्हते, शिक्षण पुरेसे मिळाल्याचे जेमतेम 9 टक्के म्हणाले आणि 63 टक्क्यांना अपराधी, अस्वस्थ किंवा गोंधळल्यासारखे वाटले होते. न बोललेली भावना वागण्यातून डोकावते: कुणी एका क्लायंटची वेळ वाढवत नेतो, कुणी घाबरून तुसडा होतो, कुणी कारण न देता त्याला दुसरीकडे पाठवतो आणि क्लायंटला आपलेच काही चुकले असे वाटते. म्हणूनच थेरपी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत आपल्या कामाविषयी होणाऱ्या चर्चेत, ‘तो क्लायंट येणार असतो त्या दिवशी मी कपडे जरा निवडून घालतो’ असे निर्धास्तपणे सांगता आले पाहिजे. हे ओझे क्लायंटवर मात्र कधीही टाकायचे नसते. क्लायंटकडून आलेल्या प्रेमाविषयी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने 1915 सालीच बजावले होते की ते उपचाराच्या परिस्थितीतून उपजते, उपचारकाने ते स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाचे यश समजू नये; ते दडपूही नये आणि पुरवूही नये.

नियम हवेतच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या आचारसंहितेत क्लायंटशी लैंगिक संबंधांना 1977 पासून स्पष्ट मनाई आहे. आजच्या संहितेत ती उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षे लागू राहते. क्लायंटची संमती ही सबब ठरत नाही, आणि ते योग्यच आहे. पण रडणारा क्लायंट ‘मला जवळ घ्या’ म्हणतो, त्या क्षणी काय बोलावे, हे नियमात लिहिलेले नसते. ‘तुम्ही हे बोलून दाखवलेत ते बरे झाले, आपण याविषयी इथे जरूर बोलू, पण आपले नाते उपचाराचेच राहील,’ हे समोरच्याला न लाजवता आणि स्वतः न डगमगता म्हणता यायला ते आधी वर्गात अनेकदा म्हणून पाहिलेले असावे लागते.